माणूस चांगलाय, पण येतोय का?

या खेपेला टपालानं आणि व्हॉट्सॲपवर आलेल्या प्रश्नांत निम्म्याहून जास्त एकाच विषयाचे निघाले. नोव्हेंबर २०२५ मध्ये झोहरान ममदानी न्यू यॉर्कच्या महापौरपदी निवडून आले आणि कोल्हापुरात मिरजकर तिकटीपासून कावळा नाक्यापर्यंत आपल्या प्रत्येक कट्ट्यावर अमेरिकेचे जाणकार उगवले. ममदानी स्वतःला उघडपणे लोकशाही समाजवादी म्हणवतात. तेव्हा अमेरिकेतला मतदार समाजवाद्याच्या मागं जाणार का, हा सगळ्यांचा वाद. हा अंक त्यालाच देऊन टाकतो. ऊसदराचे आणि हद्दवाढीचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ. ते कुठं जात नाहीत, इतकी वर्षं गेलेले नाहीत.

एका नव्या वाचकानं विचारलंय, या विषयात तुमचा अधिकार काय? काही नाही. सहकारी बँकेत नोकरी करून निवृत्त झालो. वडील शेतकरी कामगार पक्षाचे कार्यकर्ते, त्यामुळं लाल बावट्याच्या सभा आणि त्यानंतरचे निकाल लहानपणापासून बघितलेत. थोरली लेक अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात मिलवॉकीला लागून असलेल्या वेस्ट ॲलिस गावात राहते, आणि २०२४ ची तिथली निवडणूक ऐन रंगात आली असताना मी तिच्याकडं मुक्कामाला होतो. भांडवल एवढंच.

प्रश्न : सर, आमच्यात मिसळीची पैज लागलीया. एक पार्टी म्हणते, न्यू यॉर्क मारलं म्हणजे आता राष्ट्राध्यक्षपण समाजवादीच होणार. दुसरी म्हणते, अमेरिकेचा माणूस समाजवाद्याला जन्मात मत देणार नाही. कुणाचं खरं?
(शिवाजी पेठेतला एक तालीमवाला)

मिसळीचे पैसे दोन्ही पार्ट्यांनी निम्मे-निम्मे भरावेत.

'जन्मात देणार नाही' हे तर साफ चुकीचं. यूजीन डेब्ज नावाचा इंडियाना राज्यातला रेल्वे कामगारांचा पुढारी पाच वेळा राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला. १९१२ साली त्याला नऊ लाख मतं पडली, म्हणजे शंभरात सहा. तेव्हा तिथल्या बहुतेक राज्यांत बायकांना मताचा हक्कही नव्हता. १९१८ मध्ये ओहायोतल्या कँटन गावी त्यानं महायुद्धाच्या विरोधात भाषण ठोकलं, त्यापायी दहा वर्षांची सजा झाली. १९२० ची निवडणूक त्यानं अटलांटाच्या तुरुंगातून लढवली, कैदी नंबर ९६५३, आणि पुन्हा नऊ लाखांवर मतं घेतली. ममदानींनी विजयाच्या रात्री भाषणाच्या सुरुवातीलाच या डेब्जचं वाक्य घेतलं होतं. आपल्या वाहिन्यांनी नेहरूंचं अवतरण तेवढं उचललं, ते साहजिक आहे.

आणखी एक गंमत सांगतो. डेब्जला १९१२ मध्ये जिथं भरभरून मतं पडली त्यात ओक्लाहोमा होतं. कापसाचं राज्य, खंडानं जमीन कसणारी कुळं. तिथं त्यानं शंभरात सोळा मतं घेतली. आज त्याच ओक्लाहोमातला एकूण एक जिल्हा ट्रम्प यांच्या मागं जातो. तेव्हा 'अमेरिकन माणूस मुळातच असा' वगैरे बोलणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

आता 'राष्ट्राध्यक्षपण समाजवादीच' म्हणणारी पार्टी. गॅलप या पाहणी करणाऱ्या संस्थेनं जून २०१५ मध्ये विचारलं होतं की तुमच्या पक्षानं लायक उमेदवार दिला, पण तो समाजवादी निघाला, तर मत द्याल का? ४७ टक्के 'हो' म्हणाले. त्याच यादीत मुस्लिम उमेदवाराला ६० टक्के होकार होते, देव न मानणाऱ्याला ५८. म्हणजे अमेरिकेसारख्या चर्चला जाणाऱ्या देशात नास्तिक परवडला, पण समाजवादी नको. यादीत तो तळाला. तरी ४७ म्हणजे काही ४ नव्हेत. २०२५ मध्ये गॅलपनं पुन्हा विचारलं तेव्हा समाजवादाबद्दल बरं बोलणारे ३९ टक्के होते आणि भांडवलशाहीबद्दल बरं बोलणारे ५४. नुसत्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या लोकांत बघितलं तर समाजवादाला बरं म्हणणारे ६६.

मग अडतं कुठं? त्यासाठी २०२० चा फेब्रुवारी-मार्च बघा. बर्नी सँडर्स, व्हरमाँटचे सिनेटर, डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीसाठी लढत होते. न्यू हॅम्पशायर आणि नेवाडा जिंकून सगळ्यांच्या पुढं. २९ फेब्रुवारीला साउथ कॅरोलायनाची पाळी आली. तिथं या पक्षाच्या मतदारांत निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय, त्यातही वयस्कर, नेमानं चर्चला जाणारे. त्यांचे वजनदार खासदार जिम क्लायबर्न यांनी तीन दिवस आधी जो बायडन यांच्या पाठीवर हात ठेवला आणि बायडन यांनी ते राज्य एकतर्फी मारलं. लगोलग बुटिजेज आणि क्लोबुशार हे दोन उमेदवार माघार घेऊन बायडन यांच्या बाजूला आले. ३ मार्चला चौदा राज्यांत मतदान झालं, त्यातली दहा बायडन यांना. ८ एप्रिलला सँडर्स यांनी हत्यारं खाली ठेवली.

मतदान करून बाहेर पडणाऱ्यांना त्या दिवशी जे प्रश्न विचारले गेले, ते मुद्दाम वाचण्यासारखे आहेत. खासगी विमा काढून टाकून सगळ्यांना एकच सरकारी आरोग्य विमा असावा का? बायडन जिंकले अशा अनेक राज्यांतसुद्धा निम्म्याहून जास्त मतदार 'असावा' म्हणाले. हा सँडर्स यांचा पहिल्या नंबरचा मुद्दा, आणि बायडन यांना तो मान्यच नव्हता. पुढचा प्रश्न : तुमच्या विचारांचा उमेदवार हवा की ट्रम्प यांना पाडणारा? बहुतेकांनी पाडणारा मागितला. माणूस पटला, त्याचं म्हणणं पटलं, आणि शिक्का दुसऱ्याच्या नावावर.

हे वाचून मला हसू आलं. वडील खटारा चिन्हाची पत्रकं घेऊन दारोदार फिरायचे, मी त्यांच्या मागं डकवायची खळ घेऊन. लोक बसायला घोंगडं टाकायचे, चहा द्यायचे, आणि म्हणायचे, "अण्णा, तुमचा माणूस लाखात एक हाय ओ. पण येत न्हाई. मत कशाला वाया घालवायचं?" टोलच्या आंदोलनात अख्खं कोल्हापूर शेकापच्या एन. डी. पाटील सरांच्या मागं रस्त्यावर उतरलं आणि टोल घालवून थांबलं. त्याच दरम्यान २०१४ ची विधानसभा झाली, तेव्हा शहरातून शेकापचा आमदार काही गेला नाही. आणि याच कोल्हापूरनं १९७७ ला, आणीबाणीनंतर हवा फिरली तेव्हा, शेकापच्या दाजीबा देसाईंना खासदार केलं होतं. 'औंदा येतोय' असं गल्लीतल्या एकानं दुसऱ्याला सांगायला सुरुवात केली की गणित फिरतं.

सँडर्स यांना रिपब्लिकन पक्षानं पाडलं नाही. मैदानात समोरासमोर यायची वेळच आली नाही. त्यांना पसंत करणाऱ्यांनीच, शेजारचा काही याला मत देणार नाही असं धरून चालून, त्यांना घरी बसवलं. ममदानींनी नेमकी ही गाठ सोडवली. फेब्रुवारी २०२५ च्या एका पाहणीत त्यांच्या नावाला एक टक्का होता. मग हजारो पोरं-पोरी जिने चढून दारं वाजवायला लागली. शेजारचीच पोरगी पत्रक घेऊन दारात उभी राहिली, की 'शेजारचा मत देणार नाही' असं कुठल्या तोंडानं म्हणणार? जूनच्या पक्षांतर्गत फेरीत ब्रॉन्क्सचा गरीब, वयस्कर भाग त्यांचे प्रतिस्पर्धी, माजी गव्हर्नर अँड्र्यू कुओमो यांच्याकडं होता. नोव्हेंबरमध्ये तो ममदानींकडं आला. जाहीरनामा तोच होता, फक्त आता हा 'येणारा' झाला होता.

प्रश्न : अमेरिकेत समाजवादी पक्ष आहे का? ममदानी तर डेमोक्रॅटिक पक्षाचे. मग पक्षानं त्यांना तिकीट दिलंच कसं?
(गडहिंग्लजच्या एक शिक्षिका)

पक्षानं दिलं नाही, बाई. त्यांनी घेतलं.

आपल्याकडं अर्ज भरायच्या शेवटच्या तासाला मुंबईहून एबी फॉर्म कुणाच्या खिशात येतो त्यावर सगळं ठरतं. अमेरिकेत एबी फॉर्म ही भानगडच नाही. तिथं पक्षाचा उमेदवार कोण, हे साधे मतदार मतदान करून ठरवतात. त्या फेरीला प्रायमरी म्हणतात. ती जिंकली की पक्षाच्या पुढाऱ्यांनी नाक मुरडो नाहीतर कपाळावर हात मारो, चिन्ह तुमचं. न्यू यॉर्कचेच सिनेटर चक शूमर हे सिनेटमधले डेमोक्रॅटिक पक्षाचे नेते. त्यांनी शेवटपर्यंत ममदानींना पाठिंबा जाहीर केला नाही. काय अडलं?

जुना समाजवादी पक्ष वेगळा होता, स्वतःच्या चिन्हावर लढायचा. नॉर्मन थॉमस १९२८ पासून १९४८ पर्यंत सहा वेळा राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले आणि सहाही वेळा पडले. महामंदी ऐन भरात असताना, १९३२ मध्ये, त्यांना शंभरात जेमतेम दोन मतं. आजची 'डेमोक्रॅटिक सोशालिस्ट्स ऑफ अमेरिका' ही १९८२ ची संघटना आहे, पक्ष नव्हे. तिचे लोक डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत घुसतात. २०१८ मध्ये अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझ यांनी अशाच प्रायमरीत जो क्राउली या बड्या खासदाराला घरी पाठवलं.

पण प्रायमरी जिंकली म्हणजे गंगेत घोडं न्हालं असं नाही. २०२१ मध्ये बफेलो शहरात इंडिया वॉल्टन या समाजवादी बाईंनी चार वेळा महापौर राहिलेल्या बायरन ब्राउन यांना प्रायमरीत हरवलं. नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर ब्राउन यांचं नावच नव्हतं. तिथं मतपत्रिकेवर कोऱ्या जागी नाव लिहून मत देता येतं. त्यांनी स्वतःच्या नावाचे रबरी शिक्के लोकांना वाटले आणि जिंकून आले! शिक्के वाटायची ही कल्पना आपल्याकडच्या कुणाच्या डोक्यात अजून कशी आली नाही, देव जाणे.

प्रश्न : समाजवाद्यांनी अमेरिकेत कुठं प्रत्यक्ष कारभार केलाय का? का नुसतीच भाषणं?
(कसबा बावड्यातून)

केलाय, आणि तो मी राहून आलेल्या गावाला लागूनच. या प्रश्नाची मी वाटच बघत होतो म्हणा ना.

मिलवॉकी हे शहर कारखान्यांचं. बिअर, चामडं, यंत्रं. आपली शिरोली आणि गोकुळ शिरगाव ज्यांना माहीत आहे त्यांना तिथं परकं वाटणार नाही. १९१० मध्ये तिथं एमिल सायडेल महापौर झाले. अमेरिकेतल्या मोठ्या शहराचा हा पहिला समाजवादी महापौर. पुढं डॅनियल होन १९१६ ते १९४० सलग चोवीस वर्षं, आणि फ्रँक झाइडलर १९४८ ते १९६०. तिघेही समाजवादी पक्षाचे, आडून-लपून नाही. व्हिक्टर बर्जर नावाच्या त्यांच्याच पुढाऱ्याला मिलवॉकीनं १९१८ मध्ये संसदेवर निवडून दिलं, तर युद्धविरोधी लिखाणासाठी त्याला सजा झाली होती म्हणून सभागृहानं त्याला बसू दिलं नाही. पोटनिवडणूक लागली, लोकांनी पुन्हा त्यालाच निवडून दिलं. पुन्हा बसू दिलं नाही. मतदाराचा हट्ट म्हणतात तो हा.

हे लोक क्रांतीची भाषणं करायचेच, पण त्यांचं नाव झालं ते ड्रेनेजमुळं. इतकं की बाहेरगावचे समाजवादी त्यांना 'गटारवाले' म्हणून हिणवायचे. पिण्याचं पाणी, दवाखाने, मिशिगन सरोवराच्या काठची सार्वजनिक उद्यानं, कामगारांसाठी पालिकेची घरं. आणि कर्ज काढून डामडौल करायचा नाही, हा दंडक. बँकवाला म्हणून मला या शेवटच्या गोष्टीचं फार कौतुक वाटलं. समाजवादी म्हटलं की तिजोरी रिकामी करणार असं जे आपण धरून चालतो, त्याच्या बरोबर उलटं.

लेकीच्या शेजारी एक गृहस्थ राहतात, ॲलिस-चाल्मर्स कारखान्यातले निवृत्त टर्नर. वेस्ट ॲलिस या गावाचं नाव त्या कारखान्यावरूनच. ट्रॅक्टर आणि टर्बाइन करणारा एवढा मोठा कारखाना ऐंशीच्या दशकात बुडाला. एका सकाळी हे गृहस्थ हिरवळीवर खत टाकत होते, मी कुंपणापाशी गेलो. पोतं दाखवलं, वर नाव 'मिलऑर्गनाइट'. मूठभर हातात घेतलं. मोहरीएवढे काळपट दाणे, वास ओल्या पोत्यासारखा. म्हणाले, हा मिलवॉकीचा मैला आहे. होन महापौर असताना जोन्स आयलंडवर मैलापाणी शुद्ध करायचा कारखाना उभा राहिला. पाण्यातला गाळ जिवाणूंकडून खाऊन घ्यायचा, मोठ्या फिरत्या भट्ट्यांत वाळवायचा, दाणे पाडायचे आणि पोत्यात भरून विकायचे. १९२६ पासून हा धंदा चालू आहे, आजही देशभर खप आहे. मी हातातले दाणे खाली टाकले, हात पँटला पुसला आणि आपला सांडपाण्याचा जयंती नाला आठवून गप्प बसलो.

आता खरी गोष्ट पुढंच आहे. या गृहस्थांच्या अंगणात ट्रम्प यांची पाटी. २००८ ला ओबामांना मत दिलं होतं, नंतर ट्रम्प. खिशात मेडिकेअरचं कार्ड, म्हणजे पासष्टीनंतरचा सरकारी आरोग्य विमा, आणि शिवाय युनियननं भांडून मिळवलेली पेन्शन. मी म्हटलं, तुमच्या आजोबांनी होनना मत दिलं असेल. "दिलं होतं. बापानंपण झाइडलरला दिलं. ती माणसं आमच्या शॉपमधली होती, त्यांच्या नखात ग्रीस असायचं. आता जी पोरं दारावर येतात ती कॉलेजातली. मला माझंच आयुष्य समजावून सांगतात."

हे त्यांचं म्हणणं मी नंतर बराच काळ घोळवत राहिलो. जुने मिलवॉकीकर समाजवादी म्हणजे जर्मन कारागीर, बिअरच्या कारखान्यातले, चिरूट वळणारे. पक्ष आणि युनियन एकाच खोलीत बसायचे. आजचा अमेरिकन समाजवादी बहुतेक वेळा शहरातला, शिकलेला, भाड्याच्या घरात राहणारा आणि शिक्षणाच्या कर्जाखाली दबलेला. त्याची तक्रार खरी आहे, पण वेस्ट ॲलिसच्या टर्नरला ती आपली वाटत नाही. सँडर्स त्यातल्या त्यात ही दरी ओलांडू शकायचे. २०१६ च्या प्रायमरीत विस्कॉन्सिन त्यांनीच जिंकलं होतं. आणि जुलै २०२४ मध्ये, मी जायच्या थोडं आधी, ट्रम्प यांना उमेदवारी देणारं रिपब्लिकन अधिवेशन भरलं कुठं? मिलवॉकीतच.

प्रश्न : आपल्यासारखा सहकार तिकडं शेतकऱ्यांत रुजला नाही का? शेतकरी समाजवाद्यांच्या जवळ कधीच गेला नाही?
(हातकणंगल्याचे एक ऊस उत्पादक)

गेला होता, आणि असा गेला की त्याची बँक अजून चालू आहे.

नॉर्थ डकोटा हे गव्हाचं राज्य. गव्हाची प्रत आणि भाव ठरवायचे मिनियापोलिसचे व्यापारी. वजनात, प्रतवारीत शेतकरी नाडला जायचा. १९१५ मध्ये आर्थर टाउनली नावाच्या, आधी समाजवादी पक्षाचं काम केलेल्या माणसानं फोर्ड गाडीतून शेतोशेत फिरून 'नॉनपार्टिझन लीग' उभी केली. वेगळा पक्ष काढला नाही, रिपब्लिकन पक्षाची प्रायमरीच ताब्यात घेतली. वरच्या बाईंना सांगितलेली युक्ती शंभर वर्षं जुनी आहे, ती ही अशी. १९१६ मध्ये लिन फ्रेझर नावाचा शेतकरी गव्हर्नर झाला. १९१९ मध्ये 'बँक ऑफ नॉर्थ डकोटा' निघाली, संपूर्ण राज्य सरकारच्या मालकीची. राज्याचा सगळा पैसा तिथं ठेवायचा आणि गावोगावच्या छोट्या बँकांबरोबर भागीदारीत कर्जं द्यायची. १९२२ मध्ये ग्रँड फोर्क्सला सरकारी पिठाची गिरणी. फ्रेझर यांना १९२१ मध्ये लोकांनी परत बोलावलं, खुर्चीवरून उतरवलं. पुढच्याच वर्षी त्यांना सिनेटवर पाठवलं! बँक आणि गिरणी दोन्ही आजही सरकारच्या मालकीच्या आहेत आणि ते राज्य ट्रम्प यांना दर तीनातली दोन मतं देतं. बँक विकायला काढा म्हणणारा रिपब्लिकन पुढारी तिथं टिकणार नाही.

प्रश्न : पगारवाढ, फुकट उपचार हे सगळं लोकांना हवं असतं, मग ते देणाऱ्या उमेदवाराला पाडतात का? अमेरिकन मतदाराला स्वतःचं हित कळत नाही काय?
(राजारामपुरीतला इंजिनिअरिंगचा विद्यार्थी)

कळतं बाळा, चांगलं कळतं. मतदाराला अक्कल नाही असं म्हणणारा उमेदवार आधीच पडलेला असतो.

फ्लोरिडात नोव्हेंबर २०२० ला किमान वेतन पायरीपायरीनं ताशी १५ डॉलरपर्यंत न्यायचा ठराव थेट लोकांच्या मतदानाला होता. जवळपास ६१ टक्के मतांनी तो पास झाला. त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर ते राज्य ट्रम्प यांनी जिंकलं. साउथ डकोटानं २०२२ मध्ये गरिबांच्या सरकारी आरोग्य विम्याची व्याप्ती मतदानानं वाढवली, तेही पक्कं रिपब्लिकन राज्य. म्हणजे एकेक वस्तू वेगळी विकायला ठेवली तर गिऱ्हाईक आहे. तीच पोटलीत बांधून उमेदवाराच्या गळ्यात अडकवली की मतदार उमेदवाराचं तोंड बघतो, त्याच्या बरोबर कोण उभं आहे ते बघतो, आणि भीतीही बघतो. मायामीत क्युबा आणि व्हेनेझुएलातून परागंदा झालेली कुटुंबं आहेत. त्यांना डेन्मार्कचं उदाहरण देऊन उपयोग नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर हवाना आणि काराकास आहे. ज्याचं घरदार गेलं त्याच्याशी वाद घालायचा नसतो.

दुसरी भीती हातातलं जाण्याची. लास वेगासच्या हॉटेलांत खोल्या आवरणाऱ्या, स्वयंपाक करणाऱ्या कामगारांच्या युनियननं भांडून स्वतःचा उत्तम आरोग्य विमा मिळवला आहे. २०२० मध्ये युनियनच्या पुढाऱ्यांनी सांगितलं, सँडर्स यांची योजना आली तर आपला विमा जाईल. तरीही कॅसिनोंतल्या कित्येक मतदान सभांत त्याच कामगारांनी सँडर्स यांना कौल दिला. पुढारी एकीकडं, कामगार दुसरीकडं. हे दृश्य तुला इचलकरंजीतही बघायला मिळेल.

प्रश्न : एवढी मतं पडतात तर राष्ट्राध्यक्ष व्हायला अडचण काय? लोकसंख्येच्या हिशेबानं शहरंच मोठी.
(सागरमाळहून)

मतं किती, यापेक्षा कुठं पडली, हा तिथला खेळ.

'गोकुळ'ला दूध घालणारे लाखो, पण २०२१ ला संचालक निवडायला मतदार साडेतीन हजारांच्या घरात होते. प्रत्येक दूध संस्था एकाच्या नावानं ठराव करते आणि तो ठरावधारक जाऊन मत देतो. अमेरिकेतही राष्ट्राध्यक्षाला शेवटी ५३८ ठरावधारकच निवडतात आणि २७० लागतात. ज्या राज्यात ज्याला एक मत जास्त, त्याला त्या राज्याचे सगळे ठरावधारक. मेन आणि नेब्रास्का तेवढे अपवाद. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना देशभरात २८ लाखांवर मतं जास्त होती, पण त्या पडल्या.

त्यामुळं ममदानींची दहा लाख मतं न्यू यॉर्कमध्ये ढिगानं पडून काही होत नाही, ते राज्य तसंही डेमोक्रॅटिक पक्षाचंच. ठरवणार विस्कॉन्सिन, मिशिगन, पेन्सिल्व्हेनिया. विस्कॉन्सिनमध्ये ट्रम्प २०१६ ला सुमारे २३,००० मतांनी जिंकले, बायडन २०२० ला सुमारे २१,००० नी, ट्रम्प २०२४ ला सुमारे २९,००० नी. आपल्याकडं एवढ्या फरकाची आमदारकी असते. म्हणजे पुन्हा वेस्ट ॲलिसच्या त्या टर्नरच्या कुंपणापाशी जाऊन उभं राहायचं. माझ्या मते समाजवाद्याला तिथंही दार उघडं आहे, पण तीन अटींवर : डेमोक्रॅटिक पक्षाचं चिन्ह, लोकांच्या खिशाला भोक पडलेलं वर्ष, आणि युनियनच्या हॉलमधून आलेला उमेदवार. पहिल्या दोन्ही गोष्टी मिळतील. तिसरी सध्या मला दिसत नाही. आणि जिंकला तरी पुढं सिनेट आहे. तिथं सहा लाखांपेक्षा कमी वस्तीच्या वायोमिंगला दोन जागा आणि पावणेचार कोटींवरच्या कॅलिफोर्नियालाही दोनच.

प्रश्न : ममदानी पुढं राष्ट्राध्यक्ष होतील काय?
(नाव-गाव नाही)

नाही. त्यांचा जन्म युगांडात, कंपाला इथं. राष्ट्राध्यक्ष जन्मानं अमेरिकन नागरिक लागतो. मिसळीची पैज लावणाऱ्यांनी हे आधी बघायला हवं होतं.

प्रश्न : मग आता आम्ही कशावर लक्ष ठेवावं? दिलेली वचनं पुरी होतील?
(शिरोळचे एक निवृत्त ग्रामसेवक)

तुम्ही ग्रामसेवक होता, तुम्हाला हे लगेच कळेल : अधिकार कुणाकडं आणि सही कुणाची, एवढंच बघा. घरभाडं गोठवायचं वचन आहे. भाडेनियंत्रणातल्या घरांचं भाडं एक मंडळ ठरवतं आणि त्यावरची माणसं महापौर नेमतो, तेव्हा ते त्यांच्या आवाक्यात आहे. श्रीमंतांवर जादा कर लावायचा तर न्यू यॉर्क राज्याच्या विधिमंडळाची मंजुरी लागते, ते बसतं ऑल्बनीला. लहान मुलांच्या पाळणाघरांचा पैसाही बराचसा तिथूनच यायचा. आणि बस फुकट करायची म्हणतात, तर बस चालवणारी संस्था राज्य सरकारच्या कब्जातली, गव्हर्नरच्या कलानं चालणारी. जानेवारी २०२६ पासून तिकीट तीन डॉलर झालंय. चार वर्षांनी तुमचा कुणी नातेवाईक तिकडं गेला, तर बसमध्ये चढताना पैसे द्यावे लागले का, ते विचारून मला कळवा.